कोडिंग इंटरव्ह्यूसाठी डीएसएचा सराव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं-मुली, बीसीए-एमसीए आणि बीएस्सीचे विद्यार्थी, नोकरी बदलू पाहणारे लोक, हे सगळे डीएसएबद्दल (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम, म्हणजे माहिती मांडायच्या आणि प्रश्न सोडवायच्या पद्धती) जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये एक आग्रह जागोजागी दिसेल: सोडवलेल्या प्रॉब्लेमचा आकडा फुगवू नका. सोडवलेला प्रॉब्लेम पंधरा दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा उभा करता येतो का, ते तपासा.

रोजच्या कामात कोणी लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोड्सची साखळी) उलटी करत नाही. मग कंपन्या हे विचारतात कशाला?

कमी वेळात, अनोळखी प्रश्नावर, माणूस विचार कसा करतो हे बघायला त्यांच्याकडे दुसरं स्वस्त साधन नाही म्हणून. हजारो अर्जांतून निवड करायची तर सगळ्यांना एकाच मापाने मोजता येईल असं काहीतरी लागतं. हे माप परिपूर्ण नाही. चांगलं काम करणारी कितीतरी माणसं या फेरीत अडखळतात, आणि ते अन्यायाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण आज दार हेच आहे, आणि सरावाने ते नक्की उघडतं.

शिवाय रोजच्या कामाशी संबंध अगदीच नाही असंही नाही. एका लूपच्या आत दुसरा लूप घालून डेटाबेसमधून आलेल्या दोन याद्या जुळवणारा कोड शंभर नोंदींवर छान पळतो आणि लाख नोंदींवर सर्व्हर बसवतो. तिथे हॅशमॅप (हवी ती नोंद चटकन शोधून देणारी रचना) आठवणारा माणूस टीमला हवाच असतो.

टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांना एवढं लागतं का?

पदावर अवलंबून आहे. टीसीएसच्या एनक्यूटी (नॅशनल क्वालिफायर टेस्ट) परीक्षेतून निंजा, डिजिटल आणि प्राइम असे वेगवेगळे स्तर निघतात. निंजासाठी ॲप्टी (ॲप्टिट्यूड), साधं कोडिंग आणि मूलभूत प्रश्न पुरतात, वरच्या स्तरांना कोडिंगचा कस लागतो. इन्फोसिसचंही तसंच आहे. साध्या सिस्टिम इंजिनिअर पदाला फार खोल जावं लागत नाही, पण स्पेशालिस्ट प्रोग्रामर पदासाठी डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे छोट्या प्रश्नांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवणं) आणि ग्राफ (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) इथपर्यंत तयारी हवी. काम एकाच कंपनीत, पण पगारात मोठी तफावत. एवढ्यासाठी तरी वरच्या स्तराची तयारी करावी असं मी सांगेन.

कोणत्या भाषेत सराव करू?

जी हाताला बसली आहे तिच्यात. सी प्लस प्लस, जावा आणि पायथॉन या तिन्ही बहुतेक ठिकाणी चालतात. वर्षभरात तीनदा भाषा बदलणारा विद्यार्थी तिन्हींत कच्चा राहतो.

भाषा निवडल्यावर मात्र तिचे खाचखळगे पाठ हवेत. पायथॉनमध्ये लिस्टच्या पुढून घटक काढला की बाकीचे सगळे एकेक घर सरकतात, म्हणून क्यूसाठी (जो आधी आला तो आधी बाहेर) डेक, म्हणजे दोन्ही टोकांनी घटक काढता येणारी रचना, वापरायची. पायथॉनमध्ये रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच हाक मारण्याची) खोली मुळात १००० च्या आसपास अडवलेली असते, त्यामुळे लाखभर नोड्सची लिंक्ड लिस्ट रिकर्शनने फिरायला गेलात तर प्रोग्राम कोसळतो. जावात दोन इंटिजर ऑब्जेक्ट डबल इक्वल्सने तपासले तर १२७ पर्यंतच्या आकड्यांना सहसा बरोबर उत्तर येतं आणि त्यापुढे फसगत होते, कारण उणे १२८ ते १२७ हे ऑब्जेक्ट जावा राखून ठेवते. छोट्या टेस्ट केस पास, मोठ्या फेल, आणि चूक शोधता शोधता अर्धा तास जातो. तिथे इक्वल्स मेथडच हवी. हीपचंही, म्हणजे प्रायॉरिटी क्यूमागच्या रचनेचंही, लक्षात ठेवा: सी प्लस प्लसची प्रायॉरिटी क्यू मोठा घटक वर ठेवते, जावा आणि पायथॉनची लहान.

सुरुवात कुठून करू?

ॲरे आणि स्ट्रिंग, मग हॅशमॅप, टू पॉइंटर्स, सॉर्टिंग आणि बायनरी सर्च, स्टॅक-क्यू, लिंक्ड लिस्ट, रिकर्शन, ट्री, हीप, ग्राफ, आणि शेवटी डीपी. हा क्रम दगडावरची रेघ नाही. फक्त रिकर्शन पक्कं झाल्याशिवाय ट्रीला आणि ट्री पक्कं झाल्याशिवाय ग्राफला हात लावू नका.

याद्यांचा सुकाळ आहे. ब्लाइंड ७५ आणि नीटकोड १५० या लीटकोड या सरावाच्या साइटवरच्या प्रश्नांच्या दोन प्रसिद्ध याद्या, आणि आपल्याकडच्या मुलांमध्ये स्ट्रायव्हर या यूट्यूबरची ए टू झेड शीट. यातली कोणतीही एक घ्या आणि तिला चिकटून राहा. तिन्ही उघडून ठेवल्या की रोजचा पहिला अर्धा तास ‘आज कुठली करू’ यातच जातो.

किती प्रॉब्लेम सोडवले म्हणजे पुरे?

या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यायचंच तर दीडशे ते अडीचशे नीट सोडवलेले प्रॉब्लेम बहुतेकांना पुरतात. पण ‘नीट’ या शब्दावर सगळा भार आहे. माझ्या लेखी प्रॉब्लेम तेव्हा झाला, जेव्हा ब्रूट फोर्स (सगळे पर्याय तपासणारी सरळसोट पद्धत) काय होता, तो का चालला नाही, कोणती गोष्ट लक्षात आल्यावर वेळ वाचला आणि रिकाम्या इनपुटवर कोड काय करतो, हे चारही तुम्ही न बघता सांगू शकता.

पाचशे हिरव्या खुणा असलेला विद्यार्थी समोर बसतो आणि प्रश्नात एक अट बदलली की गप्प होतो. हे वारंवार दिसतं. त्याने मेहनत केलेली असते, रात्री जागवलेल्या असतात, आणि म्हणूनच ते बघवत नाही. त्या मेहनतीतली निम्मी जरी जुने प्रॉब्लेम पुन्हा करण्यात गेली असती तर चित्र वेगळं असतं.

मग महिन्याभरात विसरायला होतं, त्यावर काय?

विसरणारच, सगळेच विसरतात. एक वही घाला. प्रत्येक प्रॉब्लेमला पाच-सहा ओळी पुरतात: प्रश्न एका वाक्यात, मी कुठे अडलो, गाडी कशाने सुटली, कोणती एज केस (टोकाचं इनपुट) चुकली. कोड उतरवू नका, कोड साइटवर असतोच. ‘मी कुठे अडलो’ ही ओळ सर्वात मोलाची, कारण माणूस त्याच त्याच जागी अडतो. कोणाचे इंडेक्स एकाने चुकतात, कोणी व्हिजिटेड (इथे येऊन गेलो) खूण करायला विसरतं.

मग तीन दिवसांनी, पंधरा दिवसांनी आणि महिन्या-दीड महिन्याने तो प्रॉब्लेम कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहायचा. दुसऱ्या खेपेला दहा मिनिटांत झाला तर पुढे जा. नाही झाला तर तो अजून तुमचा झालेला नाही.

एका प्रॉब्लेमवर किती वेळ अडकून राहायचं? सोल्युशन बघितलं तर चालेल?

सोप्याला वीस मिनिटं, मध्यम प्रॉब्लेमला चाळीस-पंचेचाळीस. पण ही मिनिटं स्क्रीनकडे बघत घालवायची नाहीत. कागदावर छोटं उदाहरण घ्या, ब्रूट फोर्स लिहून काढा, त्यात कोणतं काम पुन्हा पुन्हा होतंय ते शोधा. तरी नाही जमलं तर आधी फक्त हिंट वाचा. त्यानेही नाही जमलं तर सोल्युशन वाचा, टॅब बंद करा आणि स्वतः लिहा. बघून बघून टाइप केलेला कोड मोजायचा नाही.

पॅटर्न पाठ केले तर काम भागेल का?

पॅटर्न ओळखता यायलाच हवेत. पण पॅटर्न कोणत्या अटीवर उभा आहे हे माहीत नसेल तर तो उलटतो. याचं एक उदाहरण सावकाश बघू, कारण हा प्रश्न इंटरव्ह्यूत खरोखर येतो.

ॲरे आहे १, -१, ५, -२, ३. बेरीज ३ येईल असे सलग तुकडे किती?

‘सलग तुकडा’ आणि ‘बेरीज’ हे शब्द ऐकले की बहुतेकजण स्लायडिंग विंडो काढतात: बेरीज कमी असेल तर उजवीकडून वाढवा, जास्त झाली तर डावीकडून सोडा. चालवून बघा. १ घेतला, बेरीज १. -१ घेतला, बेरीज ०. ५ घेतला, बेरीज ५, म्हणजे जास्त. डावीकडचा १ सोडला, ४ उरले, अजून जास्त. -१ सोडला तर बेरीज उलट वाढून ५ झाली! मग ५ पण सोडला, विंडो रिकामी. पुढे -२, मग ३ घेऊन बेरीज १. संपलं. एकही तुकडा सापडला नाही.

खरं उत्तर ३ आहे: पहिले चार घटक मिळून, नुसते ५ आणि -२ मिळून, आणि शेवटचा ३ एकटा. विंडो फसली कारण ती एका गृहीतावर चालते: घटक घेतला की बेरीज वाढते, सोडला की घटते. उणे आकडे आले की हे गृहीतच मोडतं.

आता प्रीफिक्स सम, म्हणजे सुरुवातीपासून इथपर्यंतची बेरीज, घ्या. सुरुवातीला ०, मग १, ०, ५, ३, ६. दोन प्रीफिक्समधला फरक ३ असेल तर मधल्या तुकड्याची बेरीज ३. म्हणून प्रत्येक प्रीफिक्सवर आल्यावर ‘यातून ३ वजा केलेला आकडा मागे किती वेळा आला?’ एवढंच हॅशमॅपला विचारायचं. सुरुवातीचा ० मॅपमध्ये एकदा टाकलेला आहे. १ वर आलो, -२ हवा, नाही. ० वर आलो, -३ हवा, नाही, पण आता ० दोनदा झाला. ५ वर २ हवा, नाही. ३ वर ० हवा, दोनदा आहे, उत्तर २. ६ वर ३ हवा, एकदा आहे, उत्तर ३. एका फेरीत काम झालं.

सुरुवातीचा तो ० मॅपमध्ये टाकायला विसरलात तर पहिल्या घटकापासून सुरू होणारे तुकडे हुकतात. तो का टाकतो हे ज्याला सांगता येतं त्याला हा पॅटर्न आला.

प्रश्न वाचल्यावर सर्वात आधी काय बघायचं?

कन्स्ट्रेंट्स, म्हणजे प्रश्नाखाली दिलेल्या इनपुटच्या मर्यादा. बरेच विद्यार्थी थेट उदाहरणावर उडी मारतात आणि खालची ती ओळ वाचतच नाहीत, आणि अर्धं उत्तर तिथेच असतं. एका सेकंदात सुमारे दहा कोटी साध्या क्रिया होतात असं ढोबळ धरा. एन (इनपुटचा आकार) एक लाख असेल तर एन स्क्वेअर म्हणजे हजार कोटी क्रिया, टीएलई (वेळ संपल्याचा शेरा) ठरलेलाच. एन लॉग एन मात्र सुमारे १७ लाख, आरामात बसतं. म्हणजे सॉर्टिंग, हीप, बायनरी सर्च किंवा हॅशमॅप या दिशेने विचार करायचा. एन दोन हजार असेल तर एन स्क्वेअर चालतो, बहुधा डीपीची द्विमितीय टेबल अपेक्षित आहे. एन २० च्या आत असेल तर सगळे सबसेट तपासता येतात, कारण दोनाचा विसावा घात जेमतेम साडेदहा लाख भरतो.

समोरासमोरच्या इंटरव्ह्यूत कन्स्ट्रेंट्स लिहून देत नाहीत. ते तुम्ही विचारायचे असतात, आणि विचारलेत की समोरच्याला कळतं की हा माणूस आकाराचा विचार करतो.

बायनरी सर्च (सॉर्ट केलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणं) समजतो, पण लिहिताना दर वेळी चुकतो.

लूप सुरू करण्याआधी एक वाक्य ठरवा: ‘उत्तर असेलच तर लो ते हाय या पट्ट्यात आहे, दोन्ही टोकं धरून.’ मग प्रत्येक ओळ या वाक्याशी ताडून बघा. मिड (पट्ट्याची मधली जागा) उत्तर नाही हे नक्की झालं तर तो पट्ट्याबाहेर जायलाच हवा, म्हणून मिड अधिक एक किंवा उणे एक. दोन घटकांच्या ॲरेवर हाताने ड्राय रन करा, अनंत लूप तिथेच पकडला जातो.

आणि मिड काढताना लो आणि हाय यांची थेट बेरीज टाळा. ३२ बिटांच्या इंटिजरमध्ये २१४७४८३६४७ च्या वर काही मावत नाही, बेरीज उणे होते. हीच चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत अनेक वर्षं होती, जोशुआ ब्लॉक यांनी ती २००६ मध्ये जाहीरपणे मांडली. लो अधिक, हाय आणि लो यांच्या फरकाचा निम्मा, असं लिहा.

डीपी डोक्यावरून जातं. सोडून देऊ का?

सोडू नका, टेबलपासून मात्र सुरुवात करू नका. आधी रिकर्शन लिहा, मग त्यात तीच तीच हाक पुन्हा कुठे जातेय ते बघा, मग उत्तर साठवा. टेबल हा शेवटचा टप्पा.

नाण्यांचा प्रॉब्लेम घ्या. आपल्या १, २, ५, १०, २० रुपयांच्या नाण्यांत ‘सर्वात मोठं नाणं आधी’ हा नियम नेहमी कमीत कमी नाणी देतो, म्हणून तो डोक्यात घट्ट बसलेला असतो. आता नाणी १, ३ आणि ४ ची आहेत असं धरा आणि ६ रुपये द्यायचे आहेत. मोठं आधी म्हणत ४, १, १ अशी तीन नाणी जातात. ३ आणि ३ दिली असती तर दोनच लागली असती. ग्रीडी, म्हणजे मोठं आधी घेण्याची पद्धत, फसली.

म्हणून प्रश्न असा विचारायचा: शेवटचं नाणं कोणतं होतं? १ होतं तर आधी ५ रुपये कमीत कमी नाण्यांत दिले होते, ३ होतं तर ३ रुपये, ४ होतं तर २ रुपये. ५ ला दोन नाणी लागतात, ३ ला एक, २ ला दोन. सर्वात कमी एक, त्यात शेवटचं नाणं मिळवून उत्तर दोन. ‘शेवटचा निर्णय कोणता होता?’ हा एक प्रश्न डीपीच्या निम्म्याहून जास्त प्रॉब्लेमना लागू पडतो.

ग्राफ किती करायचा?

बीएफएस, डीएफएस (ग्राफ फिरायच्या दोन पद्धती), टोपोलॉजिकल सॉर्ट, युनियन फाइंड आणि डायक्स्ट्रा (सर्वात कमी वजनाची वाट शोधणारा अल्गोरिदम). फ्रेशरला एवढं पुरेसं आहे. डायक्स्ट्रा उणे वजनांवर चालत नाही आणि तो का चालत नाही, एवढं सांगता आलं पाहिजे. जाता जाता, एड्सगर डायक्स्ट्रा यांना हा अल्गोरिदम १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या सुचला, कागद-पेन्सिल हाती नसताना. छापला गेला १९५९ मध्ये. टाइप करायला हात शिवशिवत असतील तेव्हा हे आठवा.

कॉम्पिटिटिव्ह प्रोग्रामिंग करायलाच हवं का?

नाही. आवड असेल तर जरूर करा, वेग आणि अचूकपणा दोन्ही वाढतात. कोडशेफ ही आपल्याच देशात २००९ मध्ये सुरू झालेली साइट, तिथे बुधवारी रात्री स्पर्धा असते. लीटकोडची साप्ताहिक स्पर्धा भारतीय वेळेनुसार रविवारी सकाळी ८ वाजता. घड्याळ लावून अनोळखी प्रश्न सोडवण्याची सवय एवढ्यानेही लागते. रेटिंगच्या मागे लागून नंबर थिअरीत बुडण्याची इंटरव्ह्यूसाठी गरज नाही.

मी मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजीत बोलत बोलत कोड लिहायचा म्हटलं की सुचायचं बंद होतं.

हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे नाही. सांगली, नांदेड, जळगाव, चंद्रपूर, कुठल्याही गावच्या कॉलेजात अशी हुशार मुलं-मुली बसलेली आहेत. अडचण अशी होते की दोन कामं एकदम करावी लागतात: विचार करणं आणि परक्या भाषेत ते मांडणं. म्हणून ती सुटी सुटी करा. आधी प्रॉब्लेम मराठीत मोठ्याने समजावून सांगा, भिंतीला सांगा, रूममेटला सांगा. विचार सरळ झाला की तोच इंग्रजीत सांगा. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.

लागणारी वाक्यं मोजकीच असतात. ‘कॅन द ॲरे बी एम्प्टी?’ ‘लेट मी ट्राय अ स्मॉल एक्झाम्पल.’ ‘धिस इज एन स्क्वेअर, आय थिंक वी कॅन डू बेटर.’ अशी दहा-पंधरा वाक्यं तोंडात बसली की बाकी सगळे तांत्रिक शब्द तुम्ही मराठीतही इंग्रजीच वापरता. व्याकरण चुकलं म्हणून सहसा कोणी नापास करत नाही, पण पंधरा मिनिटं गप्प राहिलात तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही.

मेकॅनिकल किंवा सिव्हिल शाखेतून जमेल?

जमतं. प्लेसमेंट सेलमध्ये आधी विचारा की कोणत्या कंपन्या सगळ्या शाखा घेतात आणि क्रायटेरिया काय आहे, बॅकलॉग चालतो का. डीएसएसोबत डीबीएमएस (डेटाबेस) आणि ऑपरेटिंग सिस्टिमची तोंडओळख करून घ्या, कारण ते विषय तुमच्या अभ्यासक्रमात नव्हते आणि प्रश्न येतात.

नोकरी सांभाळून सराव कसा करायचा?

रोज एक तास, कामाला निघण्याआधी. हिंजवडीहून रात्री आठला घरी पोचून हार्ड प्रॉब्लेम सोडवायची अपेक्षा स्वतःकडून ठेवू नका. रात्री फक्त वही चाळा. चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतर सिस्टिम डिझाइनही विचारतात, त्याला शनिवार ठेवा.

सरावात एआयची मदत घेऊ का?

घ्या, पण उत्तर मागू नका. ‘माझा कोड कोणत्या इनपुटवर मोडेल?’ ‘मला फक्त पुढची एक हिंट दे.’ असे प्रश्न विचारलेत तर तो चांगला शिक्षक आहे. आपलं सोल्युशन झाल्यावर दुसरी पद्धत विचारा. ऑनलाइन टेस्टमध्ये किंवा इंटरव्ह्यूत लपून वापरणं ही फसवणूक आहे, आणि पुढच्या फेरीत तोच कोड ओळीने समजावायला सांगतात तेव्हा ती उघडी पडते.

इंटरव्ह्यूत आधी सोडवलेलाच प्रश्न आला तर?

सरळ सांगा की हा मी केलेला आहे. बहुतेक वेळा ते अट बदलतात किंवा ‘ठीक आहे, करा’ म्हणतात. दोन्ही तुमच्या फायद्याचं. मग थेट शेवटच्या उत्तरावर उडी न मारता ब्रूट फोर्सपासून या.

रिजेक्ट झालो. आता?

प्रश्न ताजा असताना त्याच संध्याकाळी वहीत उतरवा: काय विचारलं, कुठपर्यंत गेलो, कुठे थांबलो, त्यांनी कोणती हिंट दिली. मग तो प्रॉब्लेम पूर्ण करा आणि पुढच्या आठवड्यात त्याच विषयातले आणखी दोन-तीन घ्या. बऱ्याच कंपन्या काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करू देतात. ती मुदत एचआरला मेलवर विचारून तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.